पॉइंट्स फुकटचे, मग हे 1,116 पौंड कसले?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी मूळची नाशिकची, बेचाळिशीतली, बारा वर्षं लंडनच्या पश्चिमेला राहते, घरात नवरा आणि दोन मुलं, एक 14 चा, एक 9 ची. नवऱ्याने सहा वर्षं दुधापासून गाडीच्या इन्शुरन्सपर्यंत सगळा खर्च एकाच क्रेडिट कार्डवर टाकून 2,00,000 एअरलाइन पॉइंट्स जमवलेत. तिला त्यातून डिसेंबरात चौघांची मुंबईची रिटर्न तिकिटं हवीत. नवऱ्याने मात्र वडिलांना शब्द दिलाय की पुढच्या उन्हाळ्यात आबांना आणि आईंना बिझनेस क्लासने लंडनला आणणार, आबांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीयत. हिने डिसेंबरची तिकिटं टाकून बघितली तर 2,00,000 पॉइंट्स जाऊन वर 1,116 पौंड मागतायत. "ताई, नवरा म्हणतो टॅक्स आहे, तो कुणाला चुकलाय. मला वाटतं सहा वर्षं आम्हाला येडं बनवलं. आणि सासू-सासऱ्यांच्या तिकिटाचा हिशोब काढते म्हणून घरात मीच वाईट. काय करू?"

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा कॅल्क्युलेटर काढला, कारण बाकी सगळं तू रागात लिहिलंयस पण आकडे मात्र नीट, स्क्रीनशॉटसकट पाठवलेस, आणि असं पत्र मला वर्षातून एखादंच येतं. बाकीचे लिहितात "खूप टॅक्स लागतो हो" आणि बस्स, मग मी काय सांगणार.

तर आधी नवऱ्याचं वाक्य घेऊया. टॅक्स आहे, भरावाच लागतो. अर्धं खरं आहे. खरं तर अर्धंही नाही. 1,116 मध्ये मोठ्या माणसाचे माणशी 330 पौंड आहेत, त्या आकड्याशेजारी एक छोटा बाण असतो, तो दाबला की खाली यादी उघडते, ती तू उघडलीस आणि फोटो पाठवलास म्हणून तुला मनापासून शाबासकी, पण तिथल्या कोडचा अर्थ तुला लागला नाही असं तू लिहिलंयस. तो असा. जीबी म्हणजे ब्रिटिश सरकारचा एअर पॅसेंजर ड्यूटी. यूबी म्हणजे ब्रिटनच्या एअरपोर्टचा चार्ज. आयएन आणि पी-2 हे भारताकडचे, युझर डेव्हलपमेंट फी आणि सिक्युरिटी. आणि वायक्यू किंवा वायआर दिसलं की समजायचं हे एअरलाइनचे स्वतःचे पैसे, सरकारचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

तुझ्या फोटोत मोठ्या माणसाचे 330 आहेत त्यात जीबी 102, एअरपोर्टचे सगळे मिळून 68 आणि वायक्यू 160. मुलांचे 228, कारण त्यांना जीबी नाही, 16 वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत तो टॅक्स माफ आहे, 2016 पासून. आता चौघांचं एकत्र कर. सरकारला 204, एअरपोर्टांना 272, आणि एअरलाइनला 640. म्हणजे 1,116 मधला निम्म्याहून जास्त पैसा टॅक्स नाहीच, तिकिटाचंच भाडं आहे, फक्त दुसऱ्या खिशातून काढलेलं. नवऱ्याला हे दाखव, पण भांडणाच्या सुरात नको, बाण दाबून दाखव नुसता.

हा वायक्यू आला कुठून ते ऐकण्यासारखं आहे. 2004 मध्ये तेल महाग झालं म्हणून एअरलाइन्सनी फ्युएल सरचार्ज सुरू केला, सुरुवातीला अगदी चिल्लर. पण 2006 च्या जानेवारीपर्यंत ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिकच्या लांबच्या रिटर्न तिकिटावर तो 60 पौंडांवर गेला, आणि नंतर बाहेर आलं की दोघं आपसात बोलून तो वाढवत होते. 2007 मध्ये ब्रिटनच्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने ब्रिटिश एअरवेजला 12 कोटी 15 लाख पौंडांचा दंड जाहीर केला, व्हर्जिनने स्वतःहून जाऊन कबूल केलं म्हणून ते सुटले, आणि 2012 मध्ये तो दंड कमी करून 5 कोटी 85 लाखांवर आणला. पुढे तेल स्वस्तही झालं, परत महागही झालं, पण सरचार्ज काही गेला नाही, त्याचं फक्त नाव बदललं, आता बऱ्याच ठिकाणी त्याला कॅरियर चार्ज म्हणतात. पाहुणा चार दिवसांसाठी आला आणि आता रेशनकार्डात नाव घालून बसलाय.

म्हणजे तुम्हाला येडं बनवलं का? पूर्ण नाही. इथे मला तुझ्या बाजूचंही थोडं उसवायचंय. "फुकट" हा शब्द तुझ्या पत्रात सात वेळा आलाय, मी मोजले. पण पॉइंट्स फुकट कधीच नव्हते गं, कार्डाची वर्षाची फी भरलीत आणि त्याच खर्चावर मिळाला असता तो कॅशबॅक सोडलात. म्हणजे ते तुमचेच पैसे आहेत, एका विचित्र चलनात ठेवलेले, ज्याचा भाव एअरलाइन ठरवते आणि वाटेल तेव्हा बदलते. व्हर्जिनने 2024 च्या ऑक्टोबरअखेरीस तर कुठल्या तिकिटाला किती पॉइंट्स याचा ठरलेला तक्ताच काढून टाकला, आता त्यांच्याकडे पॉइंट्सचा भाव तारखेप्रमाणे वरखाली होतो. त्यामुळे प्रश्न एवढाच, की आज हे चलन मोडलं तर एका पॉइंटचे किती मिळतात.

ते काढायची पद्धत सोपी आहे. पैसे देऊन तेच तिकीट केवढ्याला, त्यातून पॉइंट्सच्या तिकिटावर भरायचे पैसे वजा, आणि जे उरतं त्याला पॉइंट्सनी भागायचं. तुझ्याच आकड्यांत, डायरेक्ट फ्लाइटचं चौघांचं 2,860 पौंड, वजा 1,116, राहिले 1,744, भागिले दोन लाख, म्हणजे एका पॉइंटला 0.87 पेन्स. वाईट नाही. पण तूच पुढे लिहिलंयस की पॉइंट्स नसते तर आम्ही डायरेक्टने गेलोच नसतो, दरवर्षीसारखे आखातातून एक स्टॉप करून गेलो असतो, ते चौघांचं 2,300 आहे. मग वजाबाकी 2,300 मधून करायची ना! 1,184 भागिले दोन लाख, 0.59 पेन्स. हा तुमचा खरा भाव. ज्या तिकिटाला तुम्ही हात लावला नसता त्याच्या किमतीशी तुलना करून खूश व्हायचं हे सेलमध्ये साडी घेतल्यासारखं आहे, दोन हजार वाचले म्हणायचं आणि तीन हजार घालवून यायचं.

आता बिझनेसचं. इथे तर ही गंमत फारच वाढते. तू पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत मुंबई ते लंडन, एका बाजूचं, प्रत्येकी 80,000 पॉइंट्स आणि 28,000 रुपये, म्हणजे साधारण 235 पौंड धर. तुझा नवरा म्हणतो हे तिकीट 1,500 पौंडांचं आहे, म्हणजे पॉइंटला 1.58 पेन्स मिळाले, डिसेंबरच्या जवळजवळ तिप्पट, मग हिशोब संपला! त्याला विचार, पॉइंट्स नसते तर 1,500 पौंड दिले असतेस का आबांसाठी? तो गप्प बसेल, किंवा हो म्हणेल आणि मग गप्प बसेल. फार तर प्रीमियम इकॉनॉमी घेतली असती, तुझ्या फोटोत ती 700 ला आहे, मग भाव येतो 0.58. आणि खरंच साधी इकॉनॉमी घेतली असती, 330 पौंड भाड्याची (वरच्या चार्जच्या 330 शी याचा संबंध नाही), तर 0.12. तिकीट तेच, सीट तीच, उत्तरं तीन. वाचणाऱ्या बाकीच्यांनीही हे लक्षात ठेवा, कुणी "मी दोन लाखांची सीट पाच हजारात मिळवली" असं सांगायला लागलं की आधी बघा तो माणूस एरवी कशाने प्रवास करतो.

मग तुम्ही दोघं ज्यावरून भांडताय त्याची खरी किंमत काय? मी अशी मांडली. पॉइंट्स डिसेंबरला वापरले तर एक स्टॉपच्या तिकिटापेक्षा घरातले 1,184 पौंड वाचतात. आबा-आईंना वापरले तर दोघांचे 470 भरायचे, इकॉनॉमीला 660 लागले असते, म्हणजे 190 वाचतात. फरक 994, हजारच म्हण. पण दुसऱ्या पर्यायात 40,000 पॉइंट्स हातात शिल्लक राहतात, ते 0.56 च्या भावाने (हा भाव कुठून आणला ते पुढे सांगते) सव्वादोनशे पौंडांचे. ते वजा केले तर राहिले पावणेआठशे. म्हणजे दोन म्हाताऱ्या माणसांनी दहा तास पाय पसरून आडवं होण्याची तुमच्या घराला पडणारी किंमत आहे पावणेआठशे पौंड. आता बोला. मला विचारशील तर ही काही वाईट किंमत नाही, आणि महाग आहे म्हणणाऱ्यालाही मी वाईट म्हणणार नाही. पण तो सांगतो तशी ती शून्य नाही आणि तुला वाटते तशी चार हजारही नाही. हिशोब काढला म्हणून तू वाईट ठरत नाहीस, हिशोब निम्मा काढून थांबलीस तेवढंच झालं.

आणि हौस असेल तर तिला हौस म्हणावं, सरळ. वडिलांना एकदा बिझनेसमधून आणायचंय ही मुलाची हौस आहे, छान आहे, तिला गणितात बसवायची गरज नाही. पण आबांना कुणी विचारलंय का? तुझ्या अख्ख्या पत्रात आबा एकदाही बोललेले नाहीत. कदाचित त्यांना सीटपेक्षा एअरपोर्टवरच्या चालण्याची धास्ती असेल, हीथ्रोत विमानातून उतरून इमिग्रेशनपर्यंत जायचं म्हणजे नाशिकच्या पंचवटीत एक फेरी होते. त्यासाठी व्हीलचेअर असिस्टन्स आहे, इकॉनॉमीतसुद्धा, ब्रिटनमध्ये कायद्यानेच फुकट (हा खरा फुकट), फक्त 48 तास आधी कळवायचं. पुढच्या भिंतीजवळची सीट मागता येते, इमर्जन्सी दरवाज्याजवळची नाही मिळणार, गुडघ्याचा त्रास असलेल्यांना तिथे बसवत नाहीत. आणि एकट्या आबांना पुढे आणि आईंना मागे असा अर्धा तोडगा कुणी काढला असेल तर तो आत्ताच खोडा, आई दर अर्ध्या तासाला पडदा सारून औषध घेतलं का बघायला जातील आणि आबा शेवटी मागे येऊन बसतील.

समजा बिझनेस ठरलं. मग कुठल्या बाजूचं, हे बघ. ब्रिटनचा तो जीबी टॅक्स ब्रिटनमधून निघतानाच लागतो, येताना नाही. 1 एप्रिल 2026 पासून भारताच्या अंतराला इकॉनॉमीत 102 आणि त्यावरच्या क्लासला 244 पौंड, आणि "त्यावरच्या" मध्ये प्रीमियम इकॉनॉमीही येते, हे खूप जणांना काउंटरवर कळतं. म्हणून मुंबईहून येताना वरचा क्लास आणि परत जाताना साधा, असं केलं की टॅक्सचे माणशी 142 पौंड वाचतात. उलट भारतातून सुरू होणाऱ्या तिकिटावर जीएसटी आहे, इकॉनॉमीला 5 टक्के, त्यावरच्या क्लासला 22 सप्टेंबर 2025 पासून 18, यादीत के-3 दिसेल तो हाच. पण एक अडचण आहे, आडवं व्हायची खरी गरज रात्रीच्या फ्लाइटला असते, आणि स्वस्त बाजूची फ्लाइट दिवसाची निघाली तर आबा दहा तास बिझनेसच्या पलंगावर ताठ बसून खिडकीतून ढग बघतील. वेळ बघूनच बुक करा.

आणखी एक गोष्ट तुझ्या फोटोत आहे जी तू बघितली नाहीस. पॉइंट्स आणि पैसे यांच्या चार-पाच ओळी दिल्यात ना, तू पहिलीच धरलीस, मोठ्या माणसाला 50,000 आणि 330. खालच्या ओळीत 32,000 आणि 430 आहे. दोन ओळींतला फरक काढ, 18,000 पॉइंट्स वाचवायला 100 पौंड, म्हणजे एअरलाइन तुला 0.56 पेन्सने पॉइंट परत विकतेय. वर घेतलेला भाव तो हा. तुमचा खरा भाव 0.59 आला होता, म्हणजे या दोन ओळींत जवळजवळ बरोबरी आहे, पण पुढे बिझनेसला पॉइंट्स लागणार असतील तर खालची ओळ चांगली. चौघांचे 1,28,000 जातील, 1,516 पौंड भराल, आणि 72,000 उरतील. एका बिझनेसच्या सीटला 8,000 कमी. तीनेक महिने कार्ड वापरून तेवढे होतील, दोघांचे मात्र नाही होणार, त्याला अजून अडीच वर्षांहून जास्त लागतील तुमच्या वेगाने, आणि आबांचे गुडघे तोवर कसे असतील ते तुम्हालाच माहीत.

एअरलाइन्सच्या सगळ्या पॉइंट्स प्रोग्रामांचे सरचार्ज सारखे नसतात हेही कळू दे, कारण "सगळीकडे असंच" हे तुझ्या नवऱ्याचं दुसरं वाक्य. सिंगापूर एअरलाइन्सने स्वतःच्या फ्लाइट्सच्या रिवॉर्ड तिकिटांवरून हा सरचार्ज 2017 च्या मार्चमध्ये काढला. एअर कॅनडाच्या एरोप्लॅन या प्रोग्रामने 2020 च्या नोव्हेंबरात काढला, दुसऱ्या एअरलाइनचं तिकीट काढलं तर 39 कॅनेडियन डॉलरची फी घेतात आणि संपलं, आणि एअर इंडिया त्यांच्याच स्टार अलायन्स या एअरलाइन्सच्या गटात आहे. भारतातले वाचक हे वाचत असतील तर तुमच्या कार्डाचे पॉइंट्स चार-पाच ठिकाणी नेता येतात, तेव्हा आधी सगळीकडे तीच तारीख टाकून बघा. एव्हिऑस नावाचे पॉइंट्स असतील तर ते ब्रिटिश एअरवेज, कतार, फिनएअर, आयबेरिया, एअर लिंगस यांच्यात इकडून तिकडे फिरवता येतात, आणि एकाच फ्लाइटला एका खिडकीवर एक चार्ज आणि दुसऱ्या खिडकीवर दुसरा असं होतं, दहा मिनिटं जातात बघायला.

पण बघायच्या आधी पॉइंट्स हलवायचे नाहीत. हे मी शहाणपणाने नाही, पोळून सांगतेय. बहिणीला लेस्टरला बोलवायचं होतं, मी तेव्हा तिथे होते, स्क्रीनवर सीट दिसली, मी हरखून कार्डावरचे सगळे पॉइंट्स एका एअरलाइनकडे पाठवले. पोचायला दोन दिवस लागले, तोवर सीट गेली. पॉइंट्स काही मागे येत नाहीत, एकदा गेले की गेले. मग तीन वर्षं मी त्या एअरलाइनची वेबसाइट रोज जपमाळेसारखी उघडत होते आणि शेवटी ते एक्स्पायर झाले, मेल आली, "वुई आर सॉरी". बहीण पैसे भरून आली, आणि येताना मेथीचे लाडू घेऊन आली, ते पण कस्टमवाल्याने उघडून बघितले.

डिसेंबरच्या सुट्टीतल्या रिवॉर्ड सीट्स लवकर जातात हे तुला माहीतच आहे, ब्रिटिश एअरवेज त्या 355 दिवस आधी उघडतात, बाकीच्यांचंही साधारण वर्षाच्या आतबाहेर असतं. तेव्हा या वर्षीचं डिसेंबर पॉइंट्सने आता जमलं तर जमलं, नाहीतर एक स्टॉपचं पैसे भरून काढ आणि वाद पुढच्या वर्षावर ढकल, काही बिघडत नाही. एक गोष्ट मात्र पॉइंट्सच्या तिकिटाच्या बाजूने बोलते: अनेक प्रोग्रामांत ते निघायच्या 24 तास आधीपर्यंत थोडी फी कापून रद्द करता येतं आणि पॉइंट्स परत खात्यात येतात. स्वस्तातलं पैशाचं तिकीट असं सोडवता येत नाही. मुलांच्या शाळेच्या तारखा ठरलेल्या असतात, तुम्हाला याचा फारसा उपयोग नाही, पण सत्तरीच्या पुढच्या माणसांच्या प्रवासात ऐनवेळी काय होईल सांगता येत नाही, व्हिसा लांबतो, बीपी वाढतं, कुणाकडे लग्न निघतं. हिशोबात मी याला आकडा दिला नाही, पण माझा स्वतःचा कल आबा-आईंच्या बाजूला झुकतो तो यामुळेच. अर्थात आबा हो म्हणाले तर.

आबांना फोन तूच कर, नवऱ्याने केला तर तो विचारणार नाही, सांगेल. आणि विचारशील तेव्हा दोन्ही पासपोर्टचे पहिल्या पानाचे फोटोही मागून घे. आपल्याकडे पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ते तिकिटावर अक्षर न अक्षर तसंच लागतं, आणि काही प्रोग्रामांत खातेदाराशिवाय फक्त आधी नोंदवलेल्या नातेवाइकांचंच तिकीट निघतं, सिंगापूरवाल्यांकडे तर पाचच नावं. आईंचं नाव लग्नाआधीचं आहे की नंतरचं, हे बुकिंगच्या पानावर वेळ संपत आलेली असताना आठवायला लागू नये.